कानाने वाचायचा पेपर

शाळेत माझं पद नेमकं काय होतं, हे मला बावीस वर्षांत कधी नीट सांगता आलं नाही. हजेरीपत्रकावर ‘संगणक निदेशक’ असं लिहिलेलं असे. मुलं ‘कम्प्युटरच्या मॅडम’ म्हणत, शिपाई ‘लॅबवाल्या बाई’ म्हणत, आणि निकालाचे दिवस आले की सगळी स्टाफरूम ‘शेलार मॅडम, जरा दोन मिनिटं’ म्हणे. ती दोन मिनिटं संध्याकाळी साडेपाचला संपत.

अंबरनाथमधली आमची शाळा मराठी माध्यमाची. एका सरकारी योजनेतून शाळेला दहा कम्प्युटर मिळाले आणि ते चालवायला कंत्राटावर मी मिळाले. त्याआधी मी उल्हासनगरला, कॅम्प चारमधल्या एका टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये शिकवत होते. काही वर्षांनी योजना संपली. कम्प्युटर परत न्यायला कुणी आलं नाही आणि मलाही कुणी जा म्हटलं नाही. संस्थेने आम्हाला तसंच ठेवून घेतलं.

बाहेरच्या माणसाला वाटतं, शाळेतली कम्प्युटरची बाई म्हणजे मुलांना कम्प्युटर शिकवणारी. शिकवत होते, पण एका मशीनला चार मुलं, त्यातला एक माउस धरणार आणि तिघं त्याला सूचना देणार. माझा खरा वेळ जायचा तो वेगळ्याच कामांत. मुलांची माहिती ऑनलाइन भरणं, आधार कार्डावरचं नाव आणि दाखल्यावरचं नाव जुळत नाही म्हणून पालकांना बोलावणं, शिष्यवृत्तीचे फॉर्म, निकालपत्रकं आणि प्रश्नपत्रिका. पाचवी ते दहावी, सगळ्या विषयांच्या प्रश्नपत्रिका मीच टाइप करायची. त्याचा मला अभिमान होता. मराठी टायपिंगची मिनिटाला चाळीस शब्दांची परीक्षा मी पहिल्या फटक्यात पास झालेली. शिक्षक कागदावर गिचमिड लिहून आणत आणि मी बोटांकडे न बघता ते उतरवत असे. देवरे सर एकदा म्हणाले होते, “मॅडमच्या टायपिंगमध्ये चूक काढून दाखवा, मी मिसाळ पाव देतो.” मिसळ म्हणायचं होतं त्यांना. भाषेच्या बाबतीत त्यांची एवढी एकच चूक मी ऐकली. देवरे सर मराठी शिकवत, बदलापूरहून येत, आणि ऱ्हस्व-दीर्घावरून मुलांना रडवत.

निकिता भोईर आमच्याकडे आठवीत आली. जवळच्या मोरिवली गावची. सहावीपर्यंत तिला दिसत होतं, मग डोळ्यांच्या पडद्याचा काही आजार झाला आणि वर्षभरात दिसेनासं झालं. ब्रेल शिकवायला जवळपास कुणी नव्हतं. एक वर्ष घरी बसली आणि मग तिची आई तिला हाताला धरून शाळेत घेऊन आली. प्रवेशाचा फॉर्म ऑनलाइन भरायला त्या दोघी माझ्यासमोर बसल्या. फॉर्ममध्ये अपंगत्वाचा रकाना होता. मी विचारलं, “पूर्ण अंध लिहू ना?”

तिची आई म्हणाली, “मॅडम, पोर आमची आंधली नाय. तिला आता दिसत नाय, इतकाच.”

मी रकान्यात जे निवडायचं ते निवडलं. पण ते वाक्य माझ्या लक्षात राहिलं.

आता जे सांगणार आहे ते सांगायला मला बरं वाटत नाही. आठवीचा कम्प्युटरचा तास आठवड्यातून दोनदा असे. त्या तासाला मी निकिताला वाचनालयात बसवत असे. लॅबमध्ये जमिनीवर वायरी होत्या, पाय अडकला असता, मशीन पडलं असतं. आणि मुळात ती येऊन करणार काय? पडद्यावर बघण्याचीच तर ती विद्या. मी तिला म्हणायची, “तू बस हं बाळा शांत.” ती बसायची. एक अख्खं वर्ष मी तिला पुस्तकांच्या खोलीत बसवलं, जिथलं एकही पुस्तक तिला वाचता येत नव्हतं.

परीक्षेला तिला लेखनिक मिळे, म्हणजे तिने सांगायचं आणि खालच्या वर्गातल्या मुलीने लिहायचं. आठवीच्या वार्षिक परीक्षेत मराठीच्या पेपराला निबंध होता, ‘माझे गाव’. नववीच्या सुरुवातीला देवरे सरांनी आदल्या वर्षीचे चांगले निबंध वर्गात वाचून दाखवले. त्यात निकिताचा होता. मी तेव्हा कसली तरी यादी घ्यायला त्या वर्गाच्या दारात उभी होते. सर वाचत होते, “माझे गाव निसर्गरम्य आहे. गावाशेजारून झुळझुळ नदी वाहते. पहाटे पाखरांची किलबिल...”

निकिता उभी राहिली. “सर, हे मी सांगितलं नव्हतं.”

सर थांबले. “म्हणजे?”

“आमच्या गावाला झुळझुळ नदी नाहीये सर. कंपन्या आहेत. मी भोंग्यांवर सांगितलं होतं. कुठल्या कंपनीची पाळी सुटली ते मी घरात बसून भोंग्यावरून ओळखते, तसं. तिने ते लिहिलंच नाही.”

वर्ग हसला. सरांनी निबंधाला दहापैकी आठ दिले होते. ते म्हणाले, “बरं. बस खाली,” आणि पुढचा निबंध उचलला. पण त्यांचा आवाज उतरला होता. लेखनिक मुलीची तरी काय चूक? तिला वाटलं असणार, निबंध असाच लिहायचा असतो. आम्हीच तिला तसं शिकवलं होतं.

त्याच दिवशी मधल्या सुट्टीत निकिता मैत्रिणीचा खांदा धरून लॅबच्या दारात आली.

“मॅडम, कम्प्युटरवर मला माझं मला लिहिता येईल का?”

माझी नजर खाली वायरींकडे गेली, तेवढ्यात ती म्हणाली, “वायरीला पाय नाही लागणार. मी पाय घासत चालते.”

मला काही माहीत नव्हतं. तसं मी तिला सांगितलंसुद्धा. पण त्या शनिवारी कीबोर्ड आणायला उल्हासनगरला कॅम्प तीनमध्ये गेले होते, तिथल्या दुकानात विषय काढला. दुकान चंदरभाई नावाच्या सिंधी गृहस्थांचं. बावीस वर्षं शाळेचा सगळा माल मी त्यांच्याकडून घेतला आणि प्रत्येक वेळी त्यांनी मला ‘लास्ट पीस’ दिला. ते म्हणाले, “अरे मॅडम, मेरा एक कस्टमर है ना, बँकेत आहे. बिलकुल दिसत नाही त्याला. माउस को हाथ भी नहीं लगाता. सब आवाज से.” आणि तिथल्या तिथे फोन लावून माझ्या हातात दिला.

बँकेतले ते गृहस्थ फार सभ्य. त्यांनी मला अर्ध्या तासात जे सांगितलं, ते मला कुठल्याच प्रशिक्षणात कुणी सांगितलं नव्हतं. पडद्यावरचं सगळं बोलून दाखवणारं सॉफ्टवेअर असतं, ते फुकट मिळतं, मराठीही वाचतं. कीबोर्डवर एफ आणि जे या दोन बटणांना बारीक उंचवटे असतात, बोटांनी ते शोधले की बाकीची बटणं आपोआप सापडतात. आयुष्यभर टायपिंग शिकवलं मी. ते उंचवटे माझ्या बोटांखालीच होते.

शेवटी ते म्हणाले, “फक्त एक करा मॅडम. जुन्या फॉन्टमध्ये काही देऊ नका तिला. युनिकोडमध्ये द्या.”

हे जरा समजावून सांगते. जुन्या मराठी फॉन्टमध्ये पडद्यावर ‘भारत’ दिसतं, कागदावरही ‘भारत’ छापलं जातं, पण कम्प्युटरच्या पोटात भारत नसतोच. पोटात इंग्रजी अक्षरं असतात. एच, के, के, जे, आर. फॉन्ट त्यांना फक्त मराठी कपडे घालतो. डोळ्यांनी वाचणाऱ्याला ते कळतही नाही, पण बोलणारं सॉफ्टवेअर पोटातलं वाचतं. युनिकोडमध्ये आत-बाहेर दोन्हीकडे मराठीच असतं. आणि मी इतकी वर्षं ज्या वेगाचा अभिमान बाळगला, तो सगळा जुन्या फॉन्टमधला होता.

निकिताला मी युनिकोडचा सरकारी कीबोर्ड शिकवला. त्यात डाव्या हाताला काना-मात्रा-वेलांट्या आणि उजव्या हाताला व्यंजनं असतात. मांडणी सोपी आहे, पण माझ्या बोटांना जुनी सवय, त्यामुळे मीच अडखळायची. तिला कसलीच सवय नव्हती. खिडकीजवळचं मशीन मी तिला दिलं, वायरी भिंतीला ठोकून घेतल्या (एका दुपारचं काम होतं ते), माउस काढून कपाटात ठेवला. पहिल्या दिवशी हेडफोनमधला तो पत्र्यासारखा आवाज ऐकून ती खूप हसली. “मॅडम, हा माणूस सर्दी झाल्यासारखा बोलतो.” दिवाळीपर्यंत ती त्या सर्दीवाल्याला इतक्या वेगाने बोलायला लावायची की मला एक शब्द कळत नसे.

सहामाही परीक्षा लेखनिकाकडूनच झाली. वार्षिक परीक्षा मात्र कम्प्युटरवर द्यायची असं निकिताने ठरवलं आणि मुख्याध्यापिका सावंत बाईंना जाऊन सांगितलं. बाईंनी बैठक घेतली. देवरे सर म्हणाले, “त्या मशीनला नेट आहे. उत्तरं शोधली तर? आपल्याला कळणारही नाही.”

मला राग आला. पण निकिताला बोलावून विचारलं तेव्हा ती शांतपणे म्हणाली, “सर, केबल काढून तुमच्याजवळ ठेवा ना.”

तसंच ठरलं. सगळे पेपर मी जुन्या फॉन्टमधून युनिकोडमध्ये बदलून घेतले. त्यासाठी नेटवर एक सोय असते, पण ती अधूनमधून जोडाक्षरं मोडते, म्हणून प्रत्येक पेपर डोळ्यांखालून घातला. परीक्षा सुरू झाली. देवरे सर रोज सकाळी लॅबमध्ये येऊन केबल काढत, गुंडाळी करून आपल्या कपाटात ठेवत आणि वर्गावर जात. मराठी, गणित, विज्ञान, सगळं सुरळीत झालं.

भूगोलाच्या पेपराला मी घोळ घातला.

आदल्या दिवशी भूगोलाच्या बाईंनी दोन प्रश्न बदलले. मी नेहमीच्या फाइलमध्ये दुरुस्ती केली, छपाईला दिली. घाई होती, पाचवीची निकालपत्रकं समोर पडली होती. तीच दुरुस्त केलेली फाइल निकिताच्या मशीनवर ठेवली आणि निघून गेले. युनिकोडमध्ये बदलायची राहिली.

अकराला घंटा झाली. निकिताने हेडफोन लावला आणि दोन मिनिटांनी हात वर केला.

“मॅडम, हे काय वाचतंय? एच के के जे आर... एच के के जे आर...”

नेट नाही. केबल वरच्या मजल्यावर, कपाटात. आणि असती तरी परीक्षा चालू असताना प्रश्नपत्रिका नेटवर टाकायची म्हणजे पेपर फोडण्यासारखंच. मी तिच्या शेजारी दुसऱ्या मशीनवर बसले आणि छापील पेपर समोर ठेवून युनिकोडमध्ये टाइप करायला लागले. बोटं जुन्या जागांवर पडत होती. ‘भूगोल’ लिहायला गेले, भलतंच काही उमटलं. खोडलं, परत लिहिलं, परत खोडलं. चाळीसच्या वेगाची मी, एकेक बटण शोधत होते.

तिला माझा आवाज ऐकू येत होता. बोटांचाही आणि श्वासाचाही असावा. तिने हेडफोन काढला.

“मॅडम, तुम्ही नुसतं वाचा. मी टाइप करते.”

“अगं, तुझा वेळ जाईल.”

“तुम्ही टाइप केलं तर जास्त जाईल.”

खरं होतं. मी पेपर हातात घेतला आणि वाचायला लागले. प्रश्न पहिला, अचूक पर्याय निवडा. ती टाइप करत होती, एकदाही न थांबता, मान जराशी वाकडी करून. तेवढ्यात वर्गांच्या फेरीवर निघालेल्या सावंत बाई दारात आल्या. काय झालं ते मी खरं खरं सांगितलं. “चूक माझी आहे बाई,” म्हटलं. बाई दारातच उभ्या राहिल्या, मनगटावरच्या घड्याळात बघत. दोन पानी पेपर निकिताने एकोणीस मिनिटांत उतरवून घेतला.

“एकोणीस मिनिटं शेवटी वाढवून द्या,” बाई मला म्हणाल्या. मग निकिताला म्हणाल्या, “आणि तू पाणी पी आधी.”

ती पाणी प्यायली, हेडफोन लावला आणि लिहायला लागली. मी खिडकीकडे तोंड करून उभी राहिले. ओरडा बसला असता तर बरं वाटलं असतं.

तिला भूगोलात चाळीसपैकी सव्वीस मिळाले, मराठीत मात्र आदल्या वर्षीपेक्षा खूप कमी. शुद्धलेखनाचे गुण कापले होते. सुट्टी लागायच्या आधी देवरे सर तिच्या उत्तरांच्या छापील प्रती घेऊन लॅबमध्ये आले. मला वाटलं, आता हे मला ऐकवणार. ते तिच्या शेजारी खुर्ची ओढून बसले.

“‘वीज’ला पहिली वेलांटी दिलीस. ‘नदी’ला पहिली. ‘कवी’ला पहिली. अशा तेवीस चुका आहेत.”

“सर, हा दोन्ही वेलांट्या सारख्याच बोलतो,” निकिता म्हणाली. “आधी लेखनिक लिहायची, तेव्हा मला कळलंच नाही की मला येत नाही.”

सरांनी मला विचारलं, “एकेक अक्षर वेगळं ऐकता येतं का यात?” येतं. बाणाचं बटण दाबलं की एकेक चिन्ह बोलतं. सरांनी हेडफोन डोक्यावर चढवला, चष्मा काढून टेबलावर ठेवला, डोळे मिटले आणि निकिताने सांगितलं तसं बटण दाबत गेले. पाच-सात मिनिटं ते तसेच बसले होते. हेडफोन काढला तेव्हा म्हणाले, “अवघड आहे गं हे. मला नसतं जमलं.” पुढचं सगळं वर्ष ते मधल्या सुट्टीत डबा घेऊन लॅबमध्ये येत. घास संपला की एक शब्द सांगत, निकिता टाइप करे, बाण दाबून तपासे. आमच्या लॅबमध्ये खायला बंदी होती. ती पाटी मीच लावली होती.

दहावीला कम्प्युटरवर लिहिण्याच्या परवानगीसाठी सावंत बाईंनी बोर्डाकडे अर्ज केला. कागद बरेच लागले, फेऱ्याही बऱ्याच झाल्या. तिच्या आईला मी प्रत्येक फेरीला बघितलं. सह्या वडिलांच्या असत, कागद आईच्या पिशवीत असत. परवानगी आली. निकिता एकाहत्तर टक्क्यांनी पास झाली. पहिली वगैरे आली नाही. ती आता उल्हासनगरला कॉलेजात जाते, मोरिवलीहून एकटी, काठी घेऊन.

मी गेल्या वर्षी निवृत्त झाले. निघताना जुन्या प्रश्नपत्रिका पेन ड्राइव्हमध्ये घरी आणल्या आणि रोज एक-दोन युनिकोडमध्ये नव्याने टाइप करते. नव्या कीबोर्डवर अजून माझा वेग पंचविसाच्या वर गेलेला नाही.

परवा निकिताची आई विठ्ठलवाडीला माझ्या घरी आली. सोबत तांदळाचे पापड होते. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर तिने कमरेच्या पिशवीतून मोबाइल काढला आणि माझ्यापुढे धरला.

“मॅडम, निकी कॉलेजातून लिवून पाठवते. मना वाचता येत नाय. शेजारची सून वाचून दावते, पन मंग सगली गल्ली आयकते.”

इतक्या वर्षांत मला हे कळलं नव्हतं. तिच्या बोलण्यात आलं, निकितालाही माहीत नव्हतं की निरोप सून वाचते. तिला वाटे, आईला मोडकंतोडकं वाचता येतं.

मी त्या मोबाइलमधली वाचून दाखवण्याची सोय चालू केली. निरोपावर बोट ठेवायचं, की आवाज येतो. तिचं बोट धरून एकदा दाखवलं. दुसऱ्यांदा तिने स्वतः ठेवलं.

“आई, पोचले. डबा खाल्ला,” मोबाइल बोलला.

तिने मागचे निरोप लावायला सुरुवात केली. एकेक ऐकत होती, मान हलवत होती. पंधरा दिवसांपूर्वीचा एक निघाला. “आई, आज स्टेशनाबाहेर रस्ता चुकले होते. अर्धा तास उभी होते. मग विचारत विचारत आले. तू काळजी करू नको.”

तिने तो पुन्हा लावला. “ह्या मना बोललीच नाय ती.”

“बोलली होती हो,” मी म्हटलं.

शेजारच्या सुनेने तेवढाच निरोप वाचला नव्हता, की वाचूनही सांगितला नव्हता, कोण जाणे. मी चहा टाकून आले तरी मोबाइल आईच्या हातातच होता. “आता मी तिला कसा सांगू?” तिने विचारलं. मी माइकचं चित्र दाखवलं, इथे दाबून बोला, ते आपोआप लिहिलं जातं. ती मोबाइल तोंडाजवळ धरून मोठ्याने म्हणाली, “निकी, तुजे सगले निरोप आयकले.” मशीनने त्याचं काय लिहिलं कोण जाणे, पण मिनिटाभरात उत्तर आलं. तिने बोट ठेवलं.

“आई, कुणी वाचून दाखवले?”

तिने माझ्याकडे बघितलं, मग माइकवर बोट दाबलं.

“कोनी नाय,” ती म्हणाली. “मीच.”